आठ आवाज, दोन वाटा

दूरचित्रवाणीसमोर बसणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींची एक तक्रार आता घरोघरी परिचयाची झाली आहे. क्रिकेटचा सामना रंगात आलेला असतो, प्रेक्षकांचा कल्लोळ दिवाणखाना दणाणून सोडतो, पण समालोचक काय बोलतो ते मात्र नीट कानी पडत नाही. आवाज वाढवावा, तर मध्येच जाहिरात येते आणि शेजारी दार ठोठावतात. नातवंडे म्हणतात, आजोबांचे कान उतरले. आजोबा म्हणतात, दुकानदाराने संचच वाईट दिला. आमचे मत असे की पुष्कळ वेळा या वादातील दोन्ही पक्ष निर्दोष असतात. दोष असतो तो शेकडो मैल दूर, प्रक्षेपण केंद्राच्या थंडगार खोलीत, लोखंडी रॅकमध्ये बसवलेल्या हातभर रुंदीच्या एखाद्या पेटीच्या मांडणीत. या पेट्यांना एन्कोडर आणि डीकोडर म्हणतात. त्या काय करतात, कशा बसवतात आणि त्यांच्या मांडणीतली एखादी लहानशी चूक आपल्या घरापर्यंत कशी येऊन पोहोचते, याची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

एके काळी ध्वनीचा संसार सुटसुटीत होता. एक माइक, एक तार, एक प्रक्षेपक आणि घरच्या फळीवरचा रेडिओ. पुढे डावा-उजवा असा दुहेरी आवाज आला. चित्रपटगृहांनी तर त्याच्याही पुढची मजल मारली. १९७५ साली ज्यांनी ‘शोले’ ७० मिलिमीटरच्या भव्य पडद्यावर पाहिला, त्यांना घोड्यांच्या टापा पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत गेल्याचे आजही आठवत असेल. ७० मिलिमीटरच्या त्या प्रतींवर चुंबकीय लेपाच्या पट्ट्या असत आणि त्यांत सहा निरनिराळे ध्वनिमार्ग साठवलेले असत. हीच सहा मार्गांची चैन पुढे घरात आली आणि ‘फाइव्ह पॉइंट वन’ या काहीशा विचित्र नावाने ओळखली जाऊ लागली. समोर डावा, उजवा आणि मधला. बाजूला किंचित मागे आणखी दोन. असे पाच पूर्ण मार्ग. सहावा केवळ खर्जाचा, साधारण १२० हर्ट्झच्या खालच्या गडगडाटासाठी. त्याची व्याप्ती इतरांच्या मानाने अगदीच तोकडी, म्हणून त्याला पूर्ण एक न मोजता ‘पॉइंट वन’ म्हटले गेले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने हे ध्वनिक्षेपक कोठे ठेवावेत तेही ठरवून दिले आहे. श्रोत्याच्या नाकासमोर मधला, त्याच्या दोन्ही बाजूंस ३० अंशांवर डावा व उजवा आणि १०० ते १२० अंशांच्या दरम्यान पाठीशी असलेले दोघे.

या मांडणीत समालोचकाचा किंवा नटाचा आवाज बहुधा मधल्या मार्गावर असतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता प्रक्षेपकाची अडचण पाहा. या सहा मार्गांखेरीज साध्या संचांसाठी डावा-उजवा असा वेगळा जोडही बरोबर न्यावा लागतो. म्हणजे एकूण मार्ग झाले आठ. परंतु ज्या काळी हा बहुमार्गी ध्वनी दूरचित्रवाणीत आला, त्या काळची केंद्रे दुहेरी आवाजासाठी बांधलेली होती. डिजिटल ध्वनी नेण्याचे जे प्रमाण १९८५ साली एईएस-थ्री या नावाने प्रसिद्ध झाले, त्यात एका तारेतून दोनच मार्ग जातात. डिजिटल बीटाकॅम आणि एचडीकॅम या व्यावसायिक फितींवर ध्वनीचे मार्ग होते चार. आठ प्रवासी आणि चार बाकडी, अशी ही अवस्था. सगळे केंद्र उकरून नव्या तारा टाकायच्या, नवी ध्वनिमुद्रक यंत्रे घ्यायची, उपग्रहावर जादा जागा विकत घ्यायची, हा एक उपाय. आणि आठ आवाजांची अशी घडी घालायची की ते दोन आवाजांच्या जागेत मावतील, हा दुसरा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डॉल्बी कंपनीने दुसरा उपाय बाजारात आणला. त्याचे नाव डॉल्बी ई.

डॉल्बी हे नाव आपण कॅसेटच्या खोक्यावर आणि चित्रपटगृहाच्या दारावर इतके पाहिले आहे की ते एका माणसाचे आडनाव आहे याची आठवण राहत नाही. रे डॉल्बी यांचा जन्म १९३३ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे झाला. अँपेक्स कंपनीने १९५६ साली पुढे आणलेल्या पहिल्या व्यवहार्य व्हिडिओ ध्वनिचित्रमुद्रकाच्या निर्मितीत, वयाच्या विशीत असताना, त्यांचा हात होता. नंतर त्यांनी केंब्रिजला भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि १९६३ ते १९६५ ही दोन वर्षे युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून ते आपल्या देशात, चंडीगढच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत येऊन राहिले. ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्याची जी युक्ती त्यांना जगप्रसिद्ध करून गेली, ती त्यांच्या डोक्यात घोळू लागली ती याच सुमारास. १९६५ साली इथून ते लंडनला गेले आणि तेथे त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली. २०१३ साली ते वारले. भारतीय चित्रपटात डॉल्बी स्टिरिओ पहिल्यांदा ऐकू आला तो १९९४ सालच्या ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’ या चित्रपटात, म्हणजे चंडीगढ सोडल्यानंतर तब्बल एकोणतीस वर्षांनी हे नाव भारतात परत आले, असे गमतीने म्हणता येईल.

असो. घडी कशी घालतात ते पाहू.

डिजिटल ध्वनी म्हणजे आकड्यांचा प्रवाह. व्यावसायिक कामात प्रत्येक मार्गाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतात आणि प्रत्येक नमुना २० बिटांत लिहिला, तर एका मार्गाला सेकंदास ९,६०,००० बिट लागतात. आठ मार्गांचे झाले ७६ लाख ८० हजार. एईएसच्या एका तारेतील दोन मार्गांत, याच हिशेबाने, जागा आहे १९ लाख २० हजारांची. म्हणजे बरोबर चौथाई. तेव्हा चारातील तीन हिस्से माहिती वगळणे भाग आहे, आणि तीही अशी की कानाला पत्ता लागू नये. येथे मानवी कानाचाच एक दुबळेपणा उपयोगी पडतो. नगारखान्यात टिमकी कोण ऐकतो, असे आपण म्हणतो ते शास्त्रदृष्ट्याही खरे आहे. मोठ्या ध्वनीच्या जवळच्या स्वरांतील बारीक ध्वनी कानाला मुळी जाणवतच नाही. एन्कोडर प्रत्येक क्षणी असा हिशेब करतो की या घडीला कोणता नगारा वाजत आहे आणि कोणत्या टिमक्या त्याच्याआड झाकल्या गेल्या आहेत. झाकलेल्या टिमक्यांवर तो बिट खर्च करीत नाही.

घरापर्यंत येणारा प्रवाह मात्र डॉल्बी ई नसतो. हा फरक पुष्कळांच्या लक्षात येत नाही. डॉल्बी ई ही केंद्राच्या आतली, किंवा मैदानावरच्या ओबी व्हॅनपासून केंद्रापर्यंतची घडी आहे. ती सैल असते, कारण वाटेत तिला वारंवार उलगडून, बदल करून पुन्हा घालावे लागते. घरी येतो तो डॉल्बी डिजिटल, ज्याचे तांत्रिक नाव एसी-थ्री. त्याची घडी फारच घट्ट. पाच पूर्ण मार्ग आणि खर्ज मिळून सेकंदाला ३,८४,००० बिटांत बसवतात. म्हणजे मूळच्या सुमारे बाराव्या हिश्श्यात. पैठणी कपाटात ठेवताना घालायची घडी वेगळी आणि टपालाच्या पाकिटात रुमाल घालायची घडी वेगळी. एसी-थ्रीची घडी शेवटी एकदाच घालायची आणि घरच्या संचाने ती एकदाच उलगडायची.

डॉल्बी ई मध्ये आणखी एक खुबी आहे आणि आमच्या मते तीच त्याच्या रचनाकारांची खरी हुशारी. युरोपात आणि आपल्याकडे चित्राच्या सेकंदाला २५ चौकटी असतात. ४८,००० ला २५ ने भागले की १,९२० येतात. म्हणजे एका चौकटीच्या वाट्याला ध्वनीचे नेमके १,९२० नमुने. डॉल्बी ई चे एक गाठोडे चित्राच्या एका चौकटीशी बांधलेले असते आणि चौकट जेथे बदलते त्या जागेभोवती थोडी मोकळी पट्टी मुद्दाम सोडलेली असते. संकलकाने फीत तेथे कापली किंवा केंद्राने एका कार्यक्रमावरून दुसऱ्यावर उडी घेतली, तरी कात्री रिकाम्या जागेतून जाते, गाठोडे शाबूत राहते. अमेरिकेत हा हिशेब इतका सरळ नाही. तेथे सेकंदाला २९.९७ चौकटी, म्हणून एका चौकटीला १,६०१.६ नमुने पडतात. नमुन्याचे तुकडे करता येत नाहीत, तेव्हा पाच चौकटी मिळून ८,००८ असा मेळ घालावा लागतो. एवढ्यासाठी अमेरिकन कार्यक्रम आपल्या पद्धतीत आणताना डॉल्बी ई ची घडी आधी पूर्ण उलगडावी लागते, मग चित्राची चाल बदलायची आणि नंतर नव्याने घडी घालायची. हे विसरून जो प्रवाह तसाच पुढे ढकलतो, त्याच्या डीकोडरमधून काहीही बाहेर पडत नाही.

मांडणी

डीपी ५७१ हा एन्कोडर आणि डीपी ५७२ हा डीकोडर, ही जोडी एके काळी जगभरच्या केंद्रांत ओळखीची होती. त्यांची मागची बाजू पाहिली तर कामाचा क्रमच तेथे लिहिल्यासारखा दिसतो. ध्वनीच्या चार तारा आत येण्याच्या जागा, दोन-दोन मार्गांच्या. एक तार बाहेर जाण्याची. एक नऊ पिनांची खोबण मेटाडेटा, म्हणजे ध्वनीविषयीची माहिती, घेण्यासाठी. आणि एक जागा संदर्भासाठी. अननुभवी माणूस ध्वनीच्या तारांपासून सुरुवात करतो. जाणता तंत्रज्ञ प्रथम संदर्भाची तार लावतो.

हा संदर्भ म्हणजे काय? भजनी मंडळात पंचवीस टाळकरी असले तरी ठेका पखवाजाचा चालतो. प्रत्येकाने आपापला ठेका धरला तर दोन ओळींत गोंधळ माजतो. केंद्रात असा एक पखवाज असतो. एका मुख्य यंत्रातून चित्राच्या चौकटीचा ठोका सर्व कॅमेऱ्यांना, मिश्रकांना, संचयक यंत्रांना पुरवला जातो. डॉल्बी ई चे गाठोडे चौकटीशी बांधायचे, तर एन्कोडरला हाच ठोका ऐकू आला पाहिजे. तो न मिळाल्यास किंवा दुसऱ्याच ठिकाणचा मिळाल्यास गाठोडे हळूहळू सरकत जाते आणि एखादे वेळी नेमके कात्रीखाली येते. मग कार्यक्रम बदलताना क्षणभर आवाज जातो किंवा एक टचका ऐकू येतो. असा दोष शोधणे म्हणजे तंत्रज्ञाच्या डोक्याला ताप; कारण तो दिवसातून दोनदाच घडतो, आणि तोही वरिष्ठ समोर नसताना.

त्यानंतरची गोष्ट वाटेची. घडी घातलेला प्रवाह एईएसच्या तारेतून ध्वनीचा वेष घेऊन जातो, पण तो ध्वनी नव्हे. वाटेतल्या कोणत्याही यंत्राने त्याला ध्वनी समजून गोंजारले की तो मेला. आवाज अर्ध्या डेसिबलने वाढवला, दोन कार्यक्रमांचा आवाज एकात एक विरघळवला, नमुन्यांची चाल किंचित बदलली, वीस बिटांचे सोळा केले, यांतील एकही गोष्ट पुरेशी आहे. मार्गावर सोळाच बिट मिळणार असतील तर ते आधी ठाऊक हवे. मग आठाऐवजी सहा मार्गांवर समाधान मानून तशी घडी घालता येते. म्हणून मांडणी करणाराला मिश्रकापासून उपग्रहापर्यंत प्रत्येक यंत्र तपासत जावे लागते: येथे आवाजाचे बटण शून्यावर स्थिर आहे ना, येथील चाल-बदल बंद आहे ना? एखाद्या ठिकाणी डीकोडर लावायचाच राहिला आणि हा प्रवाह थेट ध्वनिक्षेपकात गेला, तर तापलेल्या तव्यावर पाण्याचा सपकारा मारल्यासारखा कर्कश चरचराट पूर्ण जोराने बाहेर पडतो. कानात हेडफोन असलेल्या माणसाची त्या वेळी काय गत होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

वेळेचा प्रश्न याहून नाजूक आहे. गाठोडे बांधायला एका चौकटीचा वेळ लागतो, सोडायला आणखी एका चौकटीचा. २५ चौकटींच्या हिशेबात एक चौकट म्हणजे ४० मिलिसेकंद, जाऊन-येऊन ८०. तेवढ्याने आवाज चित्राच्या मागे पडतो. उपाय सोपा आहे: एन्कोडरपाशी चित्र एक चौकट थांबवायचे आणि डीकोडरपाशी पुन्हा एक. परंतु केंद्रात अशी जोडी एकच नसते. मैदानावर एक, मुख्यालयात एक, भाषांतराच्या स्टुडिओत एक. आणि प्रत्येकाने आपापला हिशेब केला किंवा करायचा ठेवला, की शेवटी ओठ आणि शब्द यांची फारकत होते. युरोपीय प्रसारण संघाची शिफारस अशी की प्रक्षेपणाच्या वेळी आवाज चित्राच्या पुढे ४० मिलिसेकंदांहून अधिक नसावा आणि मागे ६० हून अधिक नसावा. पुढे जाण्याला सवलत कमी आणि मागे राहण्याला जास्त, असे का? नर्मदेच्या घाटावर पैलतीराकडे धुणे आपटणारा धोबी पाहा. कपडा दगडावर पडलेला दिसतो आणि फटका मागाहून ऐकू येतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून ३४ मीटरांवरच्या धोब्याचा फटका शंभर मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. या उशिराची सवय आपल्याला जन्मापासून आहे. आधी फटका आणि मग कपडा पडलेला, असे मात्र सृष्टीत कोणी पाहिलेले नाही. तेव्हा आवाज पुढे धावला की मन तत्काळ बिथरते.

षड्ज आणि पंचम

तारा लागल्या, ठोका मिळाला, वेळ जुळली. आता कोणता आवाज कोठे पोहोचला हे कसे कळायचे? येथे एक मोठा सापळा आहे. दूरचित्रवाणीच्या जगात सहा मार्गांचा क्रम डावा, उजवा, मधला, खर्ज, मागचा डावा, मागचा उजवा असा लावतात. चित्रपटाच्या जगात तोच क्रम डावा, मधला, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा आणि शेवटी खर्ज असा असतो. चित्रपटाच्या क्रमाने आलेली फीत दूरचित्रवाणीच्या क्रमाने वाचली तर काय होईल? नायकाचे बोलणे मधल्याऐवजी उजव्या ध्वनिक्षेपकातून येईल. उजवीकडचे संगीत मधोमध वाजेल. मागचा डावा आवाज खर्जाच्या पेटीत जाऊन जवळजवळ नाहीसा होईल. आणि स्फोटाचा गडगडाट श्रोत्याच्या पाठीमागे, उजव्या खांद्यापाशी उठेल. चमत्कारिक गोष्ट अशी की घाईत ऐकणाऱ्याला हे सारे बरे चालले आहे असेच वाटते, कारण सहाच्या सहा पेट्यांतून काही ना काही वाजत असते.

ही फसगत टाळण्यासाठी इंग्लंडमधील स्काय वाहिनीच्या मार्टिन ब्लॅक आणि कीथ लेन या दोघांनी स्वरांचा एक चाचणीक्रम तयार केला. त्यांच्याच नावांवरून त्याला ‘ब्लिट्स’ म्हणतात. त्यात प्रत्येक मार्गावर आळीपाळीने एकेक स्वर वाजतो. समोरच्या डाव्या-उजव्यावर ८८० हर्ट्झचा, मधल्यावर १,३२० चा, मागच्या दोघांवर ६६० चा आणि खर्जाच्या मार्गावर ८२.५ चा. आमच्या संगीतप्रेमी वाचकांनी हे आकडे जरा निरखून पाहावेत. ८८० ला षड्ज मानले तर १,३२० हा त्याचा पंचम होतो, कारण दोहोंचे प्रमाण दोनास तीन. ६६० हा तोच पंचम एक सप्तक खाली आणि ८२.५ त्याच्याही खाली तीन सप्तके. म्हणजे सगळी चाचणी सा आणि प या दोन स्वरांतच बसवली आहे. गवई तंबोरा ज्या दोन स्वरांवर जुळवतो तेच हे दोन. कानाला ते गोड लागतात आणि मार्गांची अदलाबदल झाली तर सुरांचा क्रमच चुकतो, त्यामुळे आकडेमोड न करता तंत्रज्ञाला चूक ऐकू येते. शेवटी सर्व मार्गांवर एकच स्वर एकदम वाजवतात. एखाद्या तारेची उलटसुलट जोडणी झाली असेल, तर हे आवाज एकमेकांना खाऊन टाकतात आणि बेरीज पोकळ वाटू लागते.

खर्जाच्या मार्गाबद्दल एक इशारा येथेच देऊन ठेवतो. ऐकताना तो मार्ग इतरांपेक्षा दहा डेसिबल चढा वाजवण्याचा संकेत आहे. हे ठाऊक नसलेला माणूस मुद्रणातच तो दहाने वाढवतो आणि घरी खिडक्यांची तावदाने थरथरू लागतात.

आजोबांच्या तक्रारीकडे

आतापर्यंतची मांडणी कितीही अवघड असली, तरी तिच्यातली चूक बहुधा केंद्रातच पकडली जाते. मेटाडेटातील चूक तशी पकडली जात नाही. ध्वनीबरोबर काही आकडे स्वतंत्रपणे जातात आणि ते घरच्या संचाला सांगतात की हा आवाज कसा वाजवावा. केंद्रात सर्व काही सहा उत्तम ध्वनिक्षेपकांवर ऐकतात. तेथे हे आकडे चुकले तरी बहुधा कळत नाही. कळते ते घरी, दोन लहान ध्वनिक्षेपकांच्या संचावर.

पहिला आकडा डायलनॉर्मचा. कार्यक्रमातील बोलण्याची सरासरी पातळी किती, हे तो उणे १ पासून उणे ३१ पर्यंतच्या आकड्यांत सांगतो. घरचा डीकोडर प्रत्येक कार्यक्रमाचे बोलणे उणे ३१ वर आणून ठेवतो. बोलणे उणे २४ वर असेल तर तो सात डेसिबल कमी करतो. उणे ३१ असेल तर काहीच करीत नाही. सगळ्यांनी खरे आकडे भरले, तर वाहिनी बदलली तरी माणसाचा आवाज सारखाच ऐकू येईल. पण एन्कोडर कारखान्यातून येतो तो पुष्कळदा उणे २७ वर लावलेला. ज्या केंद्राचे बोलणे प्रत्यक्षात उणे २४ वर आहे त्याने तो आकडा तसाच राहू दिला, तर संच सातऐवजी चारच डेसिबल कमी करतो आणि ती वाहिनी शेजारच्या वाहिनीपेक्षा तीन डेसिबल मोठी वाजते. हे अज्ञानाने घडते. जाणूनबुजून घडवायचे असेल, तर आवाजाने ठासून भरलेल्या जाहिरातीवर ‘उणे ३१’ अशी खोटी चिठ्ठी लावली की झाले. अमेरिकेत हा उपद्रव इतका वाढला की २०१० साली तेथे जाहिरातींच्या आवाजाविषयी स्वतंत्र कायदा करावा लागला आणि डिसेंबर २०१२ पासून तो अमलात आला. युरोपीय प्रसारण संघाने २०१० साली सर्व कार्यक्रमांची सरासरी पातळी उणे २३ वर ठेवण्याची शिफारस केली. आपल्याकडेही १९९४ च्या केबल नियमावलीत जाहिरातीचा आवाज अतिरेकी नसावा असे म्हटले आहे. अतिरेकी कशाला म्हणायचे हे मोजपट्टीवाचून ठरत नाही, आणि मोजपट्टीवाचून केलेल्या नियमाचे जे होते ते आपण रोज रात्री ऐकतो.

दुसरा आकडा, आणि आजोबांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा, सहाचे दोन करण्याचा. घरी दोनच ध्वनिक्षेपक असतील तर संच मधला मार्ग थोडा कमी करून डाव्यात आणि उजव्यात वाटून टाकतो, मागचे दोन आपापल्या बाजूस मिसळतो आणि खर्ज बहुधा सोडून देतो. मधला किती कमी करायचा ते केंद्राने पाठवलेल्या चिठ्ठीत असते: तीन, साडेचार किंवा सहा डेसिबल. मागच्यांसाठी तीन, सहा किंवा मुळीच नको, असे पर्याय आहेत. आता सामन्याचे उदाहरण घ्या. समालोचक मधल्या मार्गावर, प्रेक्षकांचा गलका पुढच्या दोहोंवर आणि मागच्या दोहोंवर. मधल्यासाठी सहा आणि मागच्यांसाठी तीन अशी चिठ्ठी लागली, तर चारी बाजूंचा गलका दोन पेट्यांत गोळा होतो आणि बिचारा समालोचक असावा त्याच्या निम्म्या ताकदीने बोलतो. केंद्रातल्या अभियंत्याने सहा पेट्यांवर ऐकले तेव्हा तो समोरच्या स्वतंत्र पेटीतून ठणठणीत बोलत होता. उतारवयात कानाची जी शक्ती प्रथम जाते ती गोंगाटातून शब्द वेगळा काढण्याची. म्हणून या एका आकड्याची शिक्षा नातवाला जाणवत नाही आणि आजोबांना होते.

चांगले तंत्रज्ञ मांडणी पुरी झाली असे म्हणण्यापूर्वी मोठे ध्वनिक्षेपक बंद करतात, घरच्या संचासारख्या लहानशा पेटीवर हा दोहोंचा मेळ ऐकतात, मग त्याचाही एकेरी आवाज करून ऐकतात. याला फार तर पाच मिनिटे लागतात.

आठ मार्गांचा आणखी एक उपयोग आहे आणि तो महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांच्या विशेष जिव्हाळ्याचा. आठांतून सहा-अधिक-दोन अशी वाटणी करण्याऐवजी दोन-दोनचे चार जोड करता येतात आणि एका चित्राबरोबर चार भाषा पाठवता येतात. आपल्या देशातील कित्येक वाहिन्या एकाच चित्रासोबत हिंदी, तमीळ, तेलुगू असे निरनिराळे ध्वनिमार्ग देतात. रिमोटवरचे भाषेचे किंवा ऑडिओचे बटण दाबले की ते बदलतात. डॉल्बी ई मध्ये वाटणीच्या अशा वीसहून अधिक तऱ्हा आहेत आणि कोणती तऱ्हा वापरली तेही मेटाडेटातच लिहावे लागते. चार भाषांचा प्रवाह पाठवून चिठ्ठी मात्र ‘सहा-अधिक-दोन’ ची लावली, तर पुढचा एन्कोडर भाबडेपणाने पहिल्या भाषेला समोरचे दोन मार्ग समजतो, दुसरीला मधला व खर्ज आणि तिसरीला मागचे दोन; आणि घरी सहाचे दोन करताना या तिन्ही भाषा एकमेकींत कालवून देतो. कार्टून पाहणाऱ्या मुलांना त्याची मौज वाटते, पालकांना मात्र संच बिघडल्याचा भास होतो.

ज्यांच्या घरी आजोबांचा तंटा चालू आहे त्यांनी संचाच्या आवाजाच्या यादीत जाऊन एवढे करून पाहावे. वाहिनी सहा-मार्गी आणि साधा असे दोन्ही ध्वनी देत असेल, तर दोनच ध्वनिक्षेपक असलेल्या संचावर साधा निवडावा. तो केंद्रातच, माणसाने ऐकून मिसळलेला असण्याचा संभव अधिक. आणि रात्रीच्या वेळेसाठी आवाजातील चढउतार आवळण्याची सोय असेल तर ती दिवसाही चालू ठेवण्यास हरकत नाही.

आपल्याकडे २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी दूरदर्शनची एचडी वाहिनी सुरू झाली आणि पुढे एचडी वाहिन्यांबरोबर बहुमार्गी ध्वनीही घरोघरी पोहोचला. एचडी चित्राच्या तारेतच ध्वनीचे सोळा मार्ग नेता येतात; २०१७ पासून प्रसिद्ध झालेल्या नव्या प्रमाणांनुसार चित्र आणि ध्वनी संगणकाच्या जाळ्यातून स्वतंत्रपणेही पाठवता येतात. जागेची टंचाई अशी सरत चालल्यामुळे घडी घालणाऱ्या त्या पेट्यांचे काम पुष्कळ ठिकाणी कमी झाले आहे. घराकडे येणाऱ्या प्रवाहातही बदल होत आहे. दक्षिण कोरियाने २०१७ साली आपल्या अतिस्पष्ट दूरचित्रवाणीसाठी एमपेग-एच ही ध्वनिपद्धती घेतली आणि डॉल्बीनेही एसी-फोर ही नवी पद्धती पुढे आणली. या दोहोंत बोलण्याचा आवाज बाकीच्या ध्वनीपासून वेगळा पाठवण्याची सोय आहे. केंद्राने ती वापरली आणि संचाने ती ओळखली, तर गलका आहे तेथेच ठेवून एकट्या समालोचकाला वाढवण्याचे बटण आजोबांच्या हाती येईल.